विजेची जोडणी नसलेल्या कॅम्पवर ट्रेलरची बॅटरी दुसऱ्या रात्रीच बसते, काय घेऊ?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. आमचा गाडीमागे ओढायचा छोटा ट्रेलर आहे. वीज जोडून मिळते अशा जागी आम्ही फारसे जात नाही. दाट झाडीत राहतो, बहुतेक वेळा दोन रात्री, क्वचित तीन. पुढच्या दांड्यावर १२ व्होल्टची एकच लेड-ॲसिड बॅटरी आहे, ८० एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता), तीन वर्षं जुनी. फ्रिज गॅसवर, दिवे सगळे एलईडी. थंडीत फर्नेस (ट्रेलरचा गॅसवरचा हीटर, पंखा बॅटरीवर) मात्र लावावीच लागते.
पहिली रात्र नीट जाते. दुसऱ्या रात्री पहाटे चारच्या सुमारास फर्नेसच्या पंख्याचा आवाज खाली खाली जातो, इग्निशन नुसतं टिकटिक करत राहतं आणि मग गॅस डिटेक्टर चिवचिवायला लागतो. मागच्या खेपेला मुलं कुडकुडत उठून बसली होती.
बजेट: या वर्षी मोठी वस्तू एकच. बॅटरी तरी, पॅनेल तरी, नाहीतर जनरेटर. काय घेऊ?

खटपट्या:
२०० एएच लिथियम, छतावर ४०० वॉटचं सोलर, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा) आणि गाडीतून चार्ज करायला डीसी-डीसी चार्जर. मी गेल्या वर्षी हेच बसवलं, तेव्हापासून बॅटरीचा विचारच करावा लागत नाही. बॅटरी तळापर्यंत वापरली तरी कुरकुर नाही आणि वजन लेड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी. एकदाच खर्च करा आणि मोकळे व्हा.

रानभूल:
सोलरच्या नादी लागू नका, जनरेटर घ्या. २००० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर, आवाज कमी, एका हाताने उचलता येतो. मी आधी त्याच्यावरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला बॅटरी जोडून अख्खी दुपार बसलो होतो आणि काही फरक पडेना. तिथून जेमतेम ८ अँपिअर मिळतात. ट्रेलरची मुख्य वायर जनरेटरच्या मोठ्या सॉकेटला लावायची, मग आतला कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेचे १२ व्होल्ट करून बॅटरी भरणारा) भराभर चार्ज करतो.

सांधेजोड:
भराभर कितपत, ते कन्व्हर्टरवर आहे. जुने कन्व्हर्टर १३.६ व्होल्टवरच अडून राहतात, त्यांनी बॅटरी भरायला दिवस जातो. १४.४ पर्यंत चढणारा असेल तर साधारण ८० टक्क्यांपर्यंत लवकर भरते. शेवटचे २० टक्के लेड-ॲसिड स्वतःच्याच गतीने घेते, त्याला तासन् तास लागतात. त्यासाठी जनरेटर चालवणं म्हणजे पेट्रोल जाळणं.

रानभूल:
माझं तर दोन तासांत काम होतं.

सांधेजोड:
दोन तासांनी व्होल्टमीटर भरल्यासारखं दाखवतो, एवढंच. चार्जिंग थांबवून, सगळं बंद करून काही तासांनी मोजा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. लगेच मोजलेला आकडा वरवरचा असतो.

माळरान:
खटपट्यांना अनुमोदन, लिथियमच. ४०० ऐवजी ६०० वॉट टाका, जागा आहे तर सोडायची कशाला.

पाऊलवाट:
छतावर एवढी जागा नाही. आणि बजेट एकाच वस्तूचं आहे.

चाकवाट:
पैसे कशाला घालवता? गाडीच्या ट्रेलर जोडायच्या सात पिनांच्या सॉकेटमधून बॅटरी चार्ज होतेच की. चार तास गाडी चालवली की भरली.

सांधेजोड:
नाही भरत. गाडीच्या पुढून ट्रेलरच्या दांड्यापर्यंत ती बारीक वायर जाते, व्होल्टेज वाटेतच पडतं. पोहोचतात ते थोडे अँपिअर. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर तर स्वतःच व्होल्टेज खाली आणतात. निघताना भरलेली बॅटरी टिकून राहते, रिकामी भरत नाही.

चाकवाट:
माझी भरते, १५ वर्षं भरतेय.

सांजवारा:
सात पिनांवरून आठवलं. आमचा फ्रिज गॅस आणि वीज दोन्हीवर चालतो. प्रवासात १२ व्होल्टवर ठेवला होता आणि मुक्कामी पोहोचल्यावर गॅसवर करायचा विसरले. गाडी बंद, फ्रिज चालू. संध्याकाळी पंप लावायला गेले तर नळातून गुळणी टाकावी तसं पाणी आलं आणि थांबलं. असा फ्रिज १० अँपिअरच्या वरच खातो, काही तासांत बॅटरी साफ. ताई, तुमचा फ्रिज गॅसवर आहे म्हणता, पण पोहोचल्यावर खरंच गॅसवर करता का, एकदा बघा.

पाऊलवाट:
हो, आधी तेच बघितलं होतं. गॅसवरच असतो.

खटपट्या:
फर्नेसच काढून टाका ना. गॅसचा बिनविजेचा हीटर मिळतो, बॅटरी लागतच नाही.

सांजवारा:
मुलं झोपलेल्या बंद ट्रेलरमध्ये असलं काही सुचवू नका. तो हीटर आतलीच हवा जाळतो आणि धूर आतच सोडतो, खिडकी उघडी ठेवावी लागते. आमच्या ओळखीच्या घरात खिडकी 'जरा वेळ' लावली आणि सगळे डोकेदुखीने जागे झाले. फर्नेसचा धूर बाहेर जातो, ती पंखा चालवते म्हणून वीज खाते, तेवढी खाऊ द्या. जनरेटरसुद्धा खिडकीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायचा.

रानभूल:
जनरेटरबद्दल बरोबर आहे.

सांधेजोड:
ताई, घेण्याआधी हिशेब मांडू. फर्नेसचा पंखा साधारण ७ अँपिअर खातो. रात्रीत मिळून तीन तास चालला तर २१ एएच. गॅस डिटेक्टर, फ्रिजचं सर्किट बोर्ड, रेडिओचं घड्याळ या बारीकसारीक गोष्टी दिवसरात्र मिळून अर्धा-पाऊण अँपिअर, म्हणजे आणखी १५ धरा. दिवे आणि पंप ४. झाले ४०. तुमची बॅटरी ८० ची, तीही नवी असताना, आणि लेड-ॲसिड निम्म्याखाली नेली की आयुष्य घटतं. म्हणजे तुमच्याकडे वीज एकाच रात्रीची आहे. दुसऱ्या रात्री पहाटे चारला बंद पडते ती बरोबर वेळेवर पडते.
आणि झाकण उघडून पाणी बघा.

पाऊलवाट:
आत्ताच टॉर्च घेऊन बघून आले. सहापैकी चार खणांत पाणी प्लेटांच्या खाली गेलंय, प्लेटांच्या उघड्या कडा पांढुरक्या दिसतात. कोणी सांगितलंच नव्हतं, तीन वर्षं झाकण उघडलंच नाही.

सांधेजोड:
मग ती गेली. आधी प्लेटा बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला, पूर्ण चार्ज करा, मग वरपर्यंत भरा. पण ८० एएच आता विसरा. हिच्या जोडीला नवी समांतर लावू नका, जुनी नवीला खाली ओढते.

माळरान:
म्हणूनच लिथियम. पाणी घालायची भानगड नाही.

तीनपानी:
लिथियम शून्य अंशाच्या खाली चार्ज करता येत नाही हे कोणी बोललं का? थंडीत जातात त्या. बॅटरी बाहेर दांड्यावर आहे. आणि जुना कन्व्हर्टर असेल तर तोही बदलायला लागेल.

खटपट्या:
आतून तापणारी लिथियम येते. कन्व्हर्टर बदलणं अर्ध्या तासाचं काम.

तीनपानी:
म्हणजे आणखी महाग. मी १०० वॉटचं सुटं पॅनेल वापरतो, बरोबर मोठी वायर. ट्रेलर सावलीत, पॅनेल उन्हात. चांगल्या उन्हात दिवसाला २५-३० एएच मिळतात. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (एमपीपीटीपेक्षा स्वस्त प्रकार) पुरतो.

खटपट्या:
पीडब्ल्यूएम म्हणजे वाया. एमपीपीटीच.

तीनपानी:
एका १०० वॉटच्या पॅनेलला तो फरक खर्चाएवढा नाही.

(यावर दोघांचे आणखी सात प्रतिसाद झाले.)

गोल्फवाला:
६ व्होल्टच्या दोन गोल्फ कार्टच्या बॅटऱ्या, सिरीजमध्ये. १२ व्होल्ट, साधारण २२० एएच. कोणी बोललं नाही म्हणून सांगतो.

माळरान:
जुना जमाना. दोन्ही मिळून ५५ किलोच्या पुढे, दांड्यावर वजन किती येईल!

पाऊलवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. मी ६ व्होल्टच्या दोन घेतल्या. बहुतेकांचं मत वेगळं होतं, पण सांधेजोडदादांचा हिशेब वहीत मांडला आणि लक्षात आलं की आम्ही दोनच रात्री जातो. आम्हाला तिथे वीज तयार करायची नाही, घरून पुरेशी न्यायची आहे. रोज ४० प्रमाणे दोन रात्रींना ८०, निम्मी मर्यादा ११० ची. क्वचित तिसरी रात्र झाली तर थोडं खाली जाईल, ते चालेल. झाडीत पॅनेल उन्हात ठेवायला जागाच सापडत नाही आणि मुलं झोपताना जनरेटर नको.
दांड्यावरचं वजन गाडीच्या मर्यादेत बसतं, ते मोजून घेतलं. जुनी पेटी मात्र चालली नाही. या बॅटऱ्या चार-पाच सेंटिमीटर उंच आहेत, झाकण टेकेना, हवा जायला भोकं असलेली उंच पेटी आणावी लागली. मधली जोडणारी वायर जाड घेतली आहे. काल फर्नेस रात्रभर मुद्दाम चालवली, सकाळी सगळं बंद करून तीन तासांनी मोजलं: १२.५.

गोल्फवाला:
छान. महिन्यातून एकदा पाणी बघा.

खटपट्या:
पुढच्या वर्षी लिथियमचा विचार करा.