बाबांची झडप: टावी करावी का? पाच-सात वर्षांनी माणूस कसा असतो?

दांडियाबाजारकर
बडोद्यातल्या मंडळींना विचारायचं होतं. बाबा ७८ वर्षांचे. गेल्या दिवाळीपर्यंत कमाटीबागेत दोन फेऱ्या मारायचे. आता भाजीला जातानाही दोनदा थांबतात आणि दुकानांच्या पाट्या वाचतोय असं सोंग करतात. इकोमध्ये महाधमनीची झडप फार आकसलेली निघाली. डॉक्टर म्हणतात, छाती न उघडता मांडीच्या धमनीतून नवी बसवू, त्यालाच टावी म्हणतात. थोरला भाऊ अडून बसलाय, "ती दहा वर्षांत बिघडली तर?" कुणाच्या घरी झालंय का?

सुरसागरकाठ
आमच्या आईची पाच वर्षांपूर्वी झाली, तेव्हा ती ८० ची होती. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालली. चौथ्या दिवशी ठोके एकदम मंदावले आणि पेसमेकर बसवावा लागला. तसं होऊ शकतं हे आधी कुणी अवाक्षराने सांगितलं नव्हतं, त्याचा राग अजून आहे. बाकी आज ती जिना चढते. दम लागत नाही, आता रडगाणं फक्त गुडघ्यांचं.

जुनीकॅथलॅब
मी निवृत्त नर्स. भावाची शंका साठीतल्या माणसासाठी अगदी रास्त आहे, बाबांसाठी तेवढी नाही. डेन्मार्क-स्वीडनच्या नोशन चाचणीत टावी आणि छाती उघडून केलेलं ऑपरेशन यांची तुलना होती, २८० जण, सरासरी वय ७९. दहा वर्षांत टावीवाले ६२.७ टक्के गेले, ऑपरेशनवाले ६४. म्हणजे जवळजवळ सारखेच. झडपेची गंभीर झीज मात्र टावीत १.५ टक्के, ऑपरेशनच्या झडपेत १० टक्के. चाचणी लहान होती आणि झडपा जुन्या पिढीच्या, हेही ध्यानात ठेवा.
साठीत बसवली तर पुढे तिच्याच आत दुसरी झडप बसवायची वेळ येऊ शकते, आणि तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचणं अवघड होतं. म्हणून युरोपच्या २०२१ च्या नियमांत ७५ च्या पुढे टावीला झुकतं माप होतं, २०२५ च्या नियमांत ते वय ७० वर आलं.
पेसमेकरचं म्हणाल तर नवी झडप शेजारच्या विजेच्या वाटेवर दाब देते. ईसीजीत उजव्या बंडलचा ब्लॉक, म्हणजे त्या वाटेची उजवी फांदी अडलेली, आधीपासून असेल तर धोका वाढतो. सीटीत मांडीची धमनी पुरेशी रुंद आहे का, झडप जन्मतः दोनच पाकळ्यांची आहे का, हेही विचारा.

सुरसागरकाठ
आणि झडप कुठल्या प्राण्याची तेही. काही गायीच्या हृदयावरणाच्या असतात, काही डुकराच्या. आमच्या आत्याने ऐन ॲडमिशनच्या दिवशी विचारलं आणि सगळे एकमेकांकडे बघत बसले.

वापीपासिंजर
आपल्या वापीत बनते ती टावीची झडप, मायव्हॅल, कशी?

जुनीकॅथलॅब
२०२४ च्या मोठ्या चाचणीत पहिल्या ३० दिवसांत ती परदेशी झडपांपेक्षा कमी पडली नाही. दहा वर्षांचा हिशोब मात्र तिचा व्हायचाच आहे, ती बाजारातच नंतर आली.
आणखी एक, दात! किडलेले असतील तर आधीच बघून घ्या. पुढेही दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं, नाहीतर तोंडातले जंतू झडपेवर जाऊन बसतात. दरवर्षी इको चुकवू नका.

दांडियाबाजारकर
ताई, आत्ता ईसीजी उघडून पाहिला. खाली बारीक अक्षरात उजव्या बंडलचा ब्लॉक छापलाय, कुणी बोललंच नव्हतं. भावाला दाखवला. आता त्याचा प्रश्न पेसमेकरची बॅटरी किती वर्षं टिकते हा आहे. बाबांची वरची दाढ दोन महिने हलतेय. उद्या सकाळी आधी रावपुऱ्यात दाताच्या डॉक्टरकडे.