रि: रि: लॉजमधे क्लब लेव्हल घ्यावं का? (आज रात्रीच्या आत सांगा प्लीज)

मीनल:
नमस्कार मंडळी, थँक्सगिव्हिंगच्या ऑर्लँडो ट्रिपचं सगळ्यांना माहीतच आहे. पॅकेज आहे त्यामुळे ३० दिवस आधीपर्यंतच दंड न भरता बदलता येतं, म्हणजे आज शेवटचा दिवस. डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधे जांबो हाउसला (लॉजच्या दोन इमारतींपैकी एक) सव्हाना व्ह्यू, म्हणजे बाल्कनीतून मोकळे प्राणी दिसणारी रूम घेतलीय, आता ह्यांच्या डोक्यात आलंय की क्लब लेव्हल करू, म्हणजे जास्त भाड्याची रूम आणि वेगळ्या लाउंजमधे खाणंपिणं, आई-बाबांना सकाळी सकाळी ट्रे घेऊन तिथल्या सेल्फ-सर्व्हिसच्या द मारामधे रांगेत उभं करायला नको. पण फरकाच्या पैशात पुण्याचं एक तिकीट निघेल हो! लाउंजमधे खायला नक्की काय असतं? सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. आणि तुम्ही सगळे साध्या रूममधे, तर संध्याकाळी तुम्हाला आत घेता येईल का, निवांत गप्पा होतील.

सुहास:
मीनल, शेवटचं आधी सांगतो, नाही. ज्यांची क्लबची रूम त्यांनाच त्या लाउंजमधे, किलिमांजारो क्लबमधे प्रवेश, तेव्हा सहाव्या मजल्यावर आपली कोजागिरी होणार नाही. खायचं म्हणशील तर सकाळी बेगल, पेस्ट्री, फळं, सिरियल, दुपारी किरकोळ चिवडण्यासारखं, संध्याकाळी थोडं गरम आणि वाइन-बिअर, रात्री गोड. जेवण असं नाही. पैसे वसूल होतात ते वाइन पिणाऱ्यांचे आणि दुपारी पार्कमधून परत येणाऱ्यांचे. तुझे सासरे घेत नाहीत, तू घेत नाहीस, एकट्या नवऱ्याने किती प्यायची? मागच्या ट्रिपचं सगळं मी केलं होतं, या वेळी कोणी विचारलं नाही म्हणून गप्प होतो.

अंजली:
लाउंजमधे रात्री झेब्रा डोम ठेवतात ना, वर चॉकलेटचे पट्टे असलेले गोल गोल, लॉजमधल्या बोमा रेस्टॉरंटमधे पण मिळतात, त्यात अमारुला असते. दारू! माझ्या आईने "काय मऊ आहे गं" करत तीन खाल्ले, मी तिला अजून सांगितलेलं नाही. सासूबाईंना आधीच सांगून ठेव.

प्रसाद:
अंजलीताई, अमारुला म्हणजे मारुलाच्या फळाचं क्रीम लिकर, १७ टक्के अल्कोहोल, आणि एवढ्याशा डोममधे ते असणार किती. तुमच्या खोकल्याच्या औषधात जास्त निघेल.

अंजली:
किती आहे हा प्रश्नच नाही प्रसाद. ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाही.

अविनाश (सेक्रेटरी):
मंडळी, ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. दिवाळी पहाटच्या साउंड सिस्टिमसाठी दोन मेल टाकल्या, उत्तर शून्य, आणि इथे दारू किती टक्के यावर चर्चा. ट्रिपचा वेगळा ग्रुप करा.

सुहास:
वेगळा ग्रुप मागच्या वेळी मीच केला होता, त्यात तुम्हीच रोज गुड मॉर्निंग टाकत होतात.

वैशाली:
मीनल, आमचे डीव्हीसी (डिस्नेचं टाइमशेअर) पॉइंट्स आहेत म्हणून सांगते. जांबोमधे क्लबचे व्हिला पॉइंट्सवर पण असतात, पण मोजकेच, आणि तिथलेच ओनर ११ महिने आधी उचलतात, तेव्हा आता तो नाद सोड. लॉजच्या दुसऱ्या इमारतीत, किडानीला क्लब नाहीच. माझं मत, सव्हाना व्ह्यू अजिबात सोडू नकोस आणि क्लबचे पैसे वाचव. आमचे बाबा पार्कला यायलाच तयार नव्हते, सकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून चहाचा कप घेऊन बसायचे. खाली अंकोले गुरं, हातभर जाड आणि वर कमानीसारखी गेलेली शिंगं, त्यांना खिलार बैल आठवले, "हिची शिंगं रंगवायची तर डबा लागेल" म्हणाले. जिराफ पार जवळ येतो तो बोनस. या मजेला लाउंज लागत नाही. आणि जेवायला एकदा तरी किडानीतल्या सना रेस्टॉरंटमधे जा, खिडकीबाहेरच सव्हाना, आणि ती ब्रेड सर्व्हिस मागवायची, नान वगैरे आणि सोबत नऊ प्रकारच्या चटण्या-रायती. सासूबाईंचं पोट त्यावरच भरेल, फक्त नानमधे अंडं आहे का ते वेटरला विचारून घे, शेफ येऊन सांगतो.

प्रसाद:
सव्हाना व्ह्यू तरी कशाला? प्राणी बघायच्या जागेवर, अरुशा ओव्हरलुकवर कोणीही जाऊन उभं राहू शकतं, रूम घ्यायची पण गरज नाही. आम्ही स्टँडर्ड व्ह्यूमधे राहिलो, प्राणी तेच.

वैशाली:
गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज तिथवर चालवत नेऊन बघ मग बोल.

हेमंत:
एक लक्षात ठेवा, त्या लॉजवरून सगळीकडे बसच. मोनोरेल नाही, बोट नाही. अ‍ॅनिमल किंगडम जवळ, मॅजिक किंगडम बरंच लांब. दुपारी लाउंजमधे चहाला परत येऊ असं ठरवता तुम्ही, पण गर्दीच्या आठवड्यात बसची वाट बघण्यातच चहाची वेळ जाते. आणि नाश्त्यालाच रांग नको असेल तर गाडीत दूध-पोहे-फळं टाका ना, अटलांटाहून ड्राइव्हच करताय, रूममधे छोटा फ्रिज असतो.

मीनल:
सगळ्यांना थँक्यू, क्लब कॅन्सल, ह्यांना सांगितलं. सव्हाना व्ह्यू ठेवला आणि अरुशाच्या बाजूची रूम द्या अशी रिक्वेस्ट टाकलीय, मिळाली तर मिळाली. अविनाशदादा, साउंडचं ह्यांना विचारून सांगते. आता सना: बुकिंग ६० दिवस आधीच उघडतं त्यामुळे आपण सगळे एका टेबलावर आता विसराच, चौघाचौघांची टेबलं पकडत बसलेय. शुक्रवार दुपार कोणाकोणाला चालेल ते आज कळवा. अंजलीताई, तुमचं बोमाचं बुकिंग आहे ना, ते सोडणार असाल तर आधी मला सांगा.

अंजली:
सोडत नाही गं. आई येतेय, तिला परत डोम खायचेत.