रविवारची सकाळ मोकळी आहे आणि बागकाम येते : परिसराच्या उपयोगी कसे पडावे?

गच्चीवरचा माळी, पुणे

नमस्कार. आम्ही कोथरूडमधील आठ जण, बहुतेक निवृत्त, घरच्या बागेचा अनुभव असलेले. गेल्या वर्षी 5 जूनला आम्ही रस्त्याच्या कडेला 40 रोपे लावली, फोटो काढले, वडापाव खाल्ला आणि घरी आलो. यंदा मे महिन्यात मोजली तेव्हा त्यांतली 6 जगली होती. त्यामुळे यंदा पुन्हा खड्डे खणण्याआधी विचारावेसे वाटते की, आठवड्याला दोन-तीन तास देऊ शकणाऱ्या हौशी बागकामकऱ्यांनी परिसरासाठी नेमके कोणते काम हाती घ्यावे?

आळेवाला

40 पैकी 6 हा आकडा वाचून वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. पुण्यात ऑक्टोबरच्या सुमारास पाऊस थांबतो आणि पुढचे जवळजवळ आठ महिने रोपाला कोणीतरी पाणी घातले तरच ते मिळते. माझे मत स्पष्टच सांगतो : यंदा एकही नवे रोप लावू नका, दुसऱ्यांनी लावून सोडून दिलेली झाडे दत्तक घ्या. प्रत्येक रोपाभोवती हातभर रुंदीचे आळे करावे, त्यात वाळक्या पाल्याचे चार बोटे जाड आच्छादन घालावे (खोडाला मात्र ते चिकटू देऊ नये), आणि शक्य असेल तेथे बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात घातलेले मडके शेजारी पुरावे, म्हणजे एकदा भरले की पाणी दोन-तीन दिवस झिरपत राहते. पहिले दोन उन्हाळे काढले की बहावा, करंज, कडुनिंब यांसारखी झाडे पुढे आपापली तग धरतात.

आणखी एक काम कोणाच्याच यादीत नसते, ते म्हणजे वाढलेल्या झाडांचे जुने पिंजरे काढणे. आमच्या गल्लीतील करंजाच्या खोडात पिंजऱ्याची लोखंडी कडी इतकी रुतली होती की साल तिच्यावरून ओघळल्यासारखी वाढली होती. ती कापून काढायला आम्हाला एक सकाळ लागली. अर्थात पिंजरा महापालिकेचा असेल तर आधी उद्यान विभागाला कळवावे. फांद्यांना तर परस्पर हात लावूच नये. झाडांच्या संरक्षणाविषयीच्या 1975 च्या कायद्यानुसार नागरी भागात झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि झाडाला इजा करणे हेही त्यात ‘तोडणे’च धरले आहे.

पाचोळा

फेब्रुवारी ते एप्रिल हा पानगळीचा काळ तुम्ही मोकळा ठेवा. पाचोळा उचलला जात नाही म्हणून तो जाळला जातो. झाडणाऱ्या ताईंवर रागावून काही होत नाही, त्यांना पोती आणून दिली की प्रश्न निम्मा सुटतो. तीन फूट उंचीच्या जाळीचा पिंप करून त्यात पाने भरावीत, मधूनमधून शेणकाला शिंपडावा आणि मूठभर पाला घट्ट दाबल्यावर एखाददुसरा थेंबच गळेल इतपत ओल ठेवावी. पर्जन्यवृक्षाची बारीक पाने लवकर कुजतात, वडाची किंवा बदामाची चिवट पाने मात्र चुरून घातल्याशिवाय दाद देत नाहीत. तयार खत वरच्या सल्ल्यातल्या आळ्यांतच घालता येईल.

परसबागेच्या बाई

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. आमच्या परसबागेतील मेथी, पालक, कढीपत्ता मुलांच्या खिचडीत जातो आणि आपण पेरलेली मेथी म्हटल्यावर एरवी पाने ताटात बाजूला काढणारी मुलेही ती खातात. अडचण येते ती मेच्या सुट्टीत : शाळा बंद, नळाला कुलूप, आणि जूनमध्ये आम्ही परततो तेव्हा वाफ्यांत फक्त भेगा उरलेल्या असतात. आपल्यासारख्या आठ जणांनी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन त्या सहा आठवड्यांची पाळी वाटून घेतली, तर ती मदत आम्हाला 50 नव्या कुंड्यांपेक्षा मोलाची आहे. कुंड्या कृपा करून देऊच नका. त्यांच्या ताटल्यांत साचलेले पाणी दर आठवड्याला ओतून ताटल्या घासल्या नाहीत, तर डेंग्यूचे डास तेथेच होतात, आणि हे काम शेवटी आमच्याच गळ्यात पडते.

गच्चीवरचा माळी, पुणे

सर्वांचे आभार. जगलेली 6 आणि शेजारच्या रस्त्यावरची 14, अशी 20 झाडे आम्ही वाटून घेत आहोत. बाई, सुट्टीची पाळी आमच्याकडे लागली. फक्त नळाच्या किल्लीचे काय करायचे?

परसबागेच्या बाई

किल्ली शिपाईमामांकडे असते आणि ते शाळेच्या मागेच राहतात. मात्र सकाळी सातच्या आत या, नंतर टाकीत पाणी राहत नाही.