वेलकम स्क्रीन येते, सीआयसीएसचं नाव टाकलं की कनेक्शन तुटतं (टीएन३२७०, व्हीटॅम)

शिरपूर_लाइनमन

राम राम मंडळी. होस्ट, म्हणजे मुख्य संगणक, पुण्यात, झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर. टर्मिनलं टीएन३२७० टेलनेटने जोडतात, सेशन व्हीटॅम हे नेटवर्क सॉफ्टवेअर जुळवतं आणि काम चालतं सीआयसीएस या ॲप्लिकेशनवर. आपल्याकडे जळगाव, अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा आणि नंदुरबार मिळून ८६ टर्मिनल आहेत, सगळी पीसीवरच्या ३२७० एम्युलेटरची. एरवी तक्रार नसते. पण एखाद्या मोठ्या शाखेची वीज किंवा लाइन जाऊन आली की पुढचा तास-दीड तास कुठल्याही शाखेतल्या काही टर्मिनलांना लॉगऑन मिळत नाही. शिरपूरची वीज जाते आणि अडकतो शहाद्याचा काउंटर!

वेलकम स्क्रीन व्यवस्थित येते. ॲप्लिकेशनचं नाव टाकून एंटर दाबलं की कनेक्शनच तुटतं, स्क्रीनवर एक ओळही येत नाही. तोच माणूस शेजारच्या पीसीवरून आत जातो. हेल्पडेस्क दरवेळी पासवर्ड रीसेट करून देतं, फरक शून्य. एलयूचा (टर्मिनलला मिळणारं नेटवर्कमधलं नाव) पट्टा मार्चमध्ये जेएलजी००१..जेएलजी०९९ वरून जेएलजी००१..जेएलजी१४० असा वाढवलेला आहे. ८६ टर्मिनलांना १४० एलयू, म्हणजे कमी पडायचं कारण नाही. शोधायला सुरुवात कुठून करावी?

भुसावळ_कन्सोल

भाऊ, पासवर्ड बठ्ठासना बरोबर शेतस (सगळ्यांचे बरोबर आहेत). त्यांना हात लावू नका. पासवर्ड तपासणारा आरएसीएफ तुमच्या माणसापर्यंत पोचलेलाच नाही. खात्री करायची तर त्या वेळेचा सिसलॉग (सिस्टिमची नोंदवही) बघा. आयसीएच४०८आय हा मेसेज नसेल तर आरएसीएफने कुणालाही नाकारलेलं नाही. उलट रोज रीसेट केल्याने लोक जुना पासवर्ड टाकत राहतात आणि खरोखर रिव्होक होतात, म्हणजे खातंच बंद होतं.

स्क्रीन कुठवर आली यावरून अर्धं निदान होतं. वेलकम स्क्रीनही आली नाही तर भानगड टीसीपीची, पोर्टची (२३, किंवा सुरक्षित असेल तर बहुधा ९९२) नाहीतर टीएलएसची. ती आली, म्हणजे यूएसएस टेबलातला (तयार मेसेजांचा तक्ता) मेसेज १० आला, तर टेलनेट सर्व्हरपर्यंत सगळं ठीक. पण तेवढ्यावरून व्हीटॅमकडे तुमच्या एलयूचं एसीबी (व्हीटॅमशी जोडणी करणारा कंट्रोल ब्लॉक) उघडलंय असं समजू नका. ते उघडतं तुम्ही ॲप्लिकेशनचं नाव दिल्यावर. तुमचं गाडं तिथेच अडतंय. सीआयसीएसची साइनऑन स्क्रीन येऊन मग नकार मिळाला असता, तर तेव्हा कुठे पासवर्डचा विषय.

आधी आंधळेपणा घालवा. टेलनेट प्रोफाइलच्या (सेटिंगची फाइल) बिगिनव्हीटॅम ब्लॉकमध्ये एमएसजी०७ लिहिलेलं दिसत नाही. ते नसेल तर सेशन न जुळल्यावर टेलनेट सरळ कनेक्शन सोडून देतं. ते टाकलं की यूएसएस मेसेज ७ येतो, आणि टेबलात त्या मेसेजमध्ये सेन्स कोडची (नकाराचं कारण सांगणारा कोड) जागा ठेवली असेल तर कोडही दिसतो. ओबेफाइल कमांडने बदल करताना टेलनेटची संपूर्ण प्रोफाइल द्या. नुसती बदललेली ओळ दिली तर ती जुन्यात मिसळत नाही, जुनीच्या जागी बसते. चालू कनेक्शनं जुन्या प्रोफाइलवरच राहतात, नवी जोडली जाणारी नव्यावर येतात.

मग पुढच्या वेळी अडकलं की कन्सोलवर हे तीन:

डी टीसीपीआयपी,टीएन३२७०,टी,कॉन
डी टीसीपीआयपी,टीएन३२७०,टी,इनॅक्टएलयूएस
डी नेट,आयडी=(सीआयसीएसचं नाव),ई

(टीएन३२७० च्या जागी तुमच्या टेलनेट प्रोसीजरचं नाव.) तिसऱ्यात ॲक्टिव्ह दिसायला हवं. कॉनसीटी दिसलं तर व्याख्या आहे पण सीआयसीएसने एसीबी उघडलेलं नाही. मग सीईएमटी इन्क्वायर व्हीटॅम बघा, क्लोज्ड असेल तर सीईएमटी सेट व्हीटॅम ओपन. पण शेजारच्या पीसीवरून काम होतंय म्हटल्यावर तिथे काही सापडायचं नाही.

गिरणाकाठ

सेन्स कोडची पुरवणी. ०८५७ ने सुरू होणारा म्हणजे समोरचं किंवा अलीकडचं कुणीतरी ॲक्टिव्ह नाही. नेमकं कोण ते आयएसटी२६४आय या ओळीत असतं, ती वाचल्याशिवाय अंदाज बांधू नका. ०८७डी म्हणजे त्या नावापर्यंत जायचा रस्ता व्हीटॅमला सापडला नाही, बहुतेकदा नाव टाइप करताना चुकलेलं. ०८०५ सेशनची मर्यादा. ०८२१ सेशन पॅरामीटर जुळत नाहीत, तिथे लॉगमोड (सेशन पॅरामीटरचा ठरलेला संच) बघायचा: एम्युलेटर मॉडेल ५ वर (२७ ओळी, १३२ कॉलम) आणि लॉगमोड मॉडेल २ चा (२४ ओळी, ८० कॉलम) असल्या जोड्या. मात्र लॉगमोडचा घोटाळा रोज त्याच पीसीवर दिसतो, वीज गेल्यावर जागा बदलत फिरत नाही. म्हणून तुमच्याकडे तो नसावा.

शिरपूर_लाइनमन

आज दुपारी शहाद्याची लाइन १५ मिनिटं गेली होती, लगेच पाहिलं. सीआयसीएस ॲक्टिव्ह. कनेक्शनच्या यादीत शहाद्याचे काही आयपी पत्ते दोन-दोनदा, वेगवेगळ्या एलयूवर. आमच्याकडे नॅट नाही, प्रत्येक पीसीला स्वतंत्र पत्ता आहे. इनॅक्टएलयूएसमध्ये जेएलजी१०० ते जेएलजी१०७. टेलनेटच्या डीबगमध्ये ओपन एसीबी फेल, कोड ५ए. डी नेट,आयडी=जेएलजी१०४ दिलं तर आयएसटी४५३आय, आयडी पॅरामीटर व्हॅल्यू इनव्हॅलिड.

भुसावळ_कन्सोल

सापडलं. ५ए म्हणजे या नावाची ॲप्लिकेशन व्हीटॅमला माहीतच नाही. (५८ आला असता तर त्या नावाचं एसीबी आधीच कुणीतरी उघडून बसलंय.) टेलनेटमध्ये पट्टा १४० पर्यंत गेला, व्हीटॅमला कुणी सांगितलेलं नाही. व्हीटॅमएलएसटी या व्हीटॅमच्या व्याख्यांच्या लायब्ररीतला मेंबर (फाइल) उघडा, पैज लावतो की तिथे असं काहीतरी आहे:

जेएलजी०* एपीपीएल ऑथ=एनव्हीपेस,ईएएस=१,पारसेस=नो,सेसलिम=येस

शून्यानंतरचा तारा ०९९ पर्यंतच पुरतो. जेएलजी१०० या साच्यात बसत नाही.

एक सावधगिरी: मोकळ्या एलयूवर डी नेट चालवून निष्कर्ष काढू नका. साच्यातून तयार होणारं नाव एसीबी उघडल्यावरच जन्माला येतं. रिकाम्या जेएलजी०५० वरही तुम्हाला तोच आयएसटी४५३आय दिसू शकेल. त्याऐवजी डी नेट,आयडी=(मेजर नोड, म्हणजे त्या मेंबरमधल्या व्याख्यांचा गट),ई द्या आणि कुठले साचे कॉनसीटीमध्ये आहेत ते वाचा.

आता ८६ टर्मिनलांना १०४ वा एलयू का लागतो? लाइन गेली तेव्हा शहाद्याच्या पीसींनी निरोप न घेताच टीसीपी सोडलं. सर्व्हरच्या लेखी ती कनेक्शनं जिवंत, एलयू त्यांच्याच नावावर. लाइन आल्यावर त्याच पीसींना पुढचे मोकळे एलयू मिळाले. ८६ अधिक शहाद्याची भुतं, म्हणजे ही मेलेली कनेक्शनं, झाले ९९ पार. तिथून पुढे ज्याची पाळी येईल तो अडकतो, मग तो कुठल्याही गावचा असो. एरवी ९९ च्या आतच भागत असल्याने मार्चपासून कुणाच्या लक्षात आलं नाही.

चालू मेजर नोड इनॅक्ट करू नका, काम करणारी सगळी माणसं बाहेर फेकली जातील. वेगळा मेंबर बनवा, त्यात फक्त जेएलजी१* चा साचा, बाकी ऑपरंड, मोडटॅब आणि डीलॉगमोड जुन्यासारखेच. व्ही नेट,ॲक्ट,आयडी=(नवा मेंबर). चालू सेशनांना धक्का लागत नाही. मेंबरचं नाव एटीसीकॉनच्या यादीत (व्हीटॅम सुरू होताना काय ॲक्टिव्ह करायचं ती यादी) आजच घाला, नाहीतर पुढच्या आयपीएलनंतर, म्हणजे सिस्टिम पुन्हा सुरू केल्यावर, पहिले पाढे पंचावन्न. शेवटी इनॅक्टएलयूएसमधली नावं मोकळी करा, टेलनेट ती आपणहून परत घेत नाही:

व्ही टीसीपीआयपी,टीएन३२७०,टी,ॲक्ट,जेएलजी१००

प्रत्येक नावाला एकेकदा.

गिरणाकाठ

हे केलंत तरी भुतं राहतीलच. आपल्याकडे मे महिन्यात वीज दिवसातून दोनदा गेली तर १४० सुद्धा पुरणार नाहीत. टेलनेट पॅरामीटरमध्ये टाइममार्क ६०० आणि स्कॅनइंटरव्हल १२० ठेवा, आकडे सेकंदांत. १० मिनिटं गप्प असलेल्या क्लायंटला सर्व्हर टाइममार्क पाठवतो. जिवंत एम्युलेटर माणूस चहाला गेलेला असला तरी उत्तर देतो, मेलेला देत नाही आणि त्याचं कनेक्शन सुटतं. म्हणजे भूत साधारण २० मिनिटांच्या आसपास जातं. याची गल्लत इनॅक्टिव्ह पॅरामीटरशी करू नका. तो जिवंत पण निष्क्रिय माणसालाही काढतो, आणि मग कॅशियरच्या शिव्या खायची तयारी ठेवा. टाइममार्क अगदी कमी ठेवला तर बारीक लाइनवर उगाच वर्दळ वाढते आणि क्षणभर डुलकी घेणारी लाइनही मेलेली धरली जाते.

तातडीने एखादं भूत काढायचं तर कनेक्शनचा क्रमांक घेऊन टीसीपी स्टॅकलाच ड्रॉप सांगा: व्ही टीसीपीआयपी,,ड्रॉप,कॉन=(क्रमांक). दोन नोंदींपैकी जुनी कुठली ते आधी नीट बघा.

काउंटरच्या पीसींना एम्युलेटरमध्ये ठरावीक एलयूचं नाव देता येत असेल तर टीकेओस्पेकएलयू वापरा. तोच एलयू मागणारा नवा क्लायंट आला की सर्व्हर जुन्याला विचारतो, ठरवलेल्या सेकंदांत उत्तर नाही आलं तर एलयू नव्याला देतो. याचा भाऊ टीकेओस्पेकएलयूरीकॉन मात्र पैशाच्या काउंटरवर नको. तो जुनं सेशन आहे तसं सोपवतो, म्हणजे आधीच्या माणसाचं साइनऑन झालेलं सीआयसीएस दुसऱ्याच्या हाती पडू शकतं.

शिरपूर_लाइनमन

साचा खरंच जेएलजी०* निघाला. नवा मेंबर ॲक्टिव्ह केला, आठही एलयू मोकळे केले, एमएसजी०७ आणि टाइममार्क लावले. चाचणीसाठी जेएलजी१०४ मागून बघितला: आता सीआयसीएसची साइनऑन स्क्रीन येते, पण योग्य पासवर्ड देऊनही नकार. जेएलजी०२० वरून तोच यूजर आत जातो.

भुसावळ_कन्सोल

आता मात्र आरएसीएफ. आयसीएच४०८आय आला असेल, त्यात क्लास टर्मिनल दिसतोय का बघा. तो क्लास चालू असेल तर टर्मिनलच्या नावावरही परवानगी तपासली जाते, आणि तिथेही प्रोफाइल जेएलजी०* एवढीच असणार. सिक्युरिटीवाल्यांकडून जेएलजी१* ची प्रोफाइल जुन्याच परवानग्यांनी बनवून घ्या. ज्या टर्मिनलना प्रोफाइलच नाही त्यांचं काय करायचं ते सेटरॉप्ट्स टर्मिनल ठरवतं. तुमच्याकडे ते नन (कुणालाच परवानगी नाही) असणार. ते रीड (सगळ्यांना मुभा) करून सुटका करून घेण्याचा मोह होईल, करू नका.

पुढे धुळ्यासाठी वेगळा पट्टा काढणार असाल तर आधीच सांगतो. सीआयसीएसचा मूळ ऑटोइन्स्टॉल प्रोग्रॅम (टर्मिनलची व्याख्या आपोआप बनवणारा) नेटनेमची, म्हणजे इथे एलयूच्या नावाची, शेवटची चार अक्षरं टर्मिनल आयडी म्हणून घेतो. जेएलजी१०४ चा होतो जी१०४. आकडे चार केलेत, म्हणजे जेएलजी०१०४ आणि डीएचएल०१०४, तर दोघांचाही ०१०४ होईल आणि दुसरा बाहेर राहील. आकडे तीनच ठेवा आणि उपसर्गाचं शेवटचं अक्षर दोन पट्ट्यांत वेगळं असू द्या.

शिरपूर_लाइनमन

क्लास टर्मिनलच होता. प्रोफाइल झाली, जेएलजी१०४ वरून साइनऑन मिळालं. धुळ्याचा पट्टा डीएचएल००१ पासून घेतो, जी आणि एल वेगळे राहतात.