पुण्याचे पाहुणे रविवारी येतायत, अर्ध्या दिवसात काय दाखवू? (मदत हवी आहे)

सातरस्ता_९१
रविवारी पुण्याहून पाच जण येतायत. सकाळी ११ पर्यंत पोचतील, जेवण घरी, संध्याकाळी ५ ला परत. मधल्या वेळेत कुठं फिरवू? सिद्धेश्वर मंदिर आणि भुईकोट किल्ला सोडून सांगा, तेवढं मलाही कळतं. त्यातले एक काका फोनवर म्हणाले, "सोलापुरात बघायला काय आहे हो, ऊन?" तेव्हापासून डोकं फिरलंय. त्यांचं तोंड बंद होईल असं काहीतरी पाहिजे. लवकर सांगा, आज गुरुवार आहे.

विजापूरवेस
पाहुणे कोण? वयं काय? गाडी त्यांची का रेल्वेनं येलालेत? काहीच सांगायचं नाही आन् वर लवकर सांगा म्हणतोय बे.

सातरस्ता_९१
पाहुणे म्हणजे पाहुणे. गाडी त्यांची आहे. एक आजी आहेत, त्यांना रूपाभवानीच्या देवळात जायचंय म्हणे. त्यांना कुठून कळलं देव जाणे. बाकी सुचवा.

माळरान
नान्नजला न्या. माळढोक अभयारण्य, शहरापासून वीसेक किलोमीटर. पुण्यात असं माळ बघायला मिळणार नाही.

विजापूरवेस
एप्रिलात, भर दुपारी, आजींना घेऊन माळावर? ऊन दाखवायचंच असेल तर अंगणात उभं करू की. आणि माळढोक तुला तरी दिसला का कधी?

माळरान
चार वेळा गेलोय. काळवीट दिसले.

चादरवाला
पूर्व भागात एखाद्या ओळखीच्या कारखान्यात जेकार्ड मागावर चादर विणताना दाखवा. पांघरलेली सगळ्यांनी असते, विणताना बघितलेली नसते. माझ्या मेव्हण्याचे नागपूरचे साहेब अर्धा तास उभे होते, हलेनात. जाताना प्रत्येकाला एक चादर द्या, विषय संपला. आणि पहिल्या धुण्याला वेगळी धुवायला सांगा.

सातरस्ता_९१
धुण्याचं कुणी विचारलं नव्हतं. कारखान्याचं बघतो.

पेठेतला
मी पुण्याचा, मध्येच बोलतोय, क्षमस्व. तुम्ही लोक समजता की पुणेकर सोलापूरला नावं ठेवत बसतात. खरं सांगू का? आम्ही सोलापूरचा विचारच करत नाही. आमचं भांडण मुंबईशी.

भीमाकाठ
बरोबर बोललात. विचार करत नाही म्हणूनच मुळा-मुठेचं पाणी तसंच खाली येतं. मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत, उजनीतून आमच्या नळात. तेही चार-पाच दिवसांआड! पुणेकर वापरून झालं की मग आमचा नंबर.

पेठेतला
पाणी रोज येत नाही तो जलवाहिनीचा आणि वितरणाचा प्रश्न. धरण तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. ११७ टीएमसीचं उजनी उशाला आणि खापर पुण्यावर?

भीमाकाठ
११७ पैकी निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे, तो धरून छाती फुगवू नका. आणि घाण पाइपलाइनमधून येत नाही, नदीतून येते. भिगवणच्या पुलावर उन्हाळ्यात गाडीची काच खाली करून बघा एकदा.

चौथाफलाट
पाण्याचं राहू दे. मला वेगळंच टोचतं. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापुरातून निघते आणि संध्याकाळी पुण्यातून परत फिरते. म्हणजे आपण पुण्याला जाऊन, काम उरकून, रात्री घरी. पुणेकराला त्याच गाडीनं सोलापूरला यायचं तर तो रात्री पोचणार आणि मुक्कामच करणार. कोण कुणाच्या दारी जातं हे वेळापत्रकातच लिहिलंय. मी सहा वर्षं पास काढून ये-जा केली, पाठ आहे मला.

पेठेतला
त्यात पुणेकरांचा काय दोष? गाडी सोलापूरकरांच्या सोयीची आहे, उलट आभार माना.

चौथाफलाट
आभार? ज्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांच्या नावानं ती गाडी आहे त्यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली ती येरवड्यात. तेही सोलापुरातून पुण्यालाच नेले होते. (विषय सोडून बोललो, पण काकांना चार हुतात्मा चौकात उभं करून ही गोष्ट सांगा.)

उड्डाण_२५
आता रेल्वे-रेल्वे काय करता? २०२३ च्या जूनमध्ये विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, आणि पुढं गोव्याचं विमान सुरू झालं. पाहुण्यांना होटगी रोडला विमानतळ दाखवा.

विजापूरवेस
पुण्याच्या माणसाला विमानतळ दाखवायचं, व्वा. त्या चिमणीवरनं घराघरांत भांडणं झाली, ती परत इथं नको.

सातरस्ता, एक सांग. पाच जण, त्यात आजी. अर्धा दिवस, जेवण घरी, मुक्काम नाही, संध्याकाळी परत. हे सोलापूर बघायला येलालेत का घर बघायला?

सातरस्ता_९१
घर. माझंच आहे स्थळ. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, पण संबंध नाही म्हणून लिहिलं नाही.

मंगळवेढ्याची_काकू
अगं बाई, संबंध कसा नाही? अभिनंदन रे बाळा. आता फिरवायचं बंद कर. घर बघायला आलेल्यांना उन्हातान्हात हिंडवतात का कुणी? ज्वारीची कडक भाकरी, धपाटे, शेंगाचटणी, दही. चटणी उखळात कुटायची, तेल सुटेपर्यंत. मिक्सरची असेल तर ठेवूच नको. मुलगी काय करते?

सातरस्ता_९१
आयटीत. आठवड्यातनं दोन दिवस हिंजवडीला जावं लागतं, बाकी घरून. लग्नानंतर इकडं राहायला तिची तयारी आहे. काकांची नाही. ते म्हणतात, लोक सोलापुरातून पुण्याला येतात, पुण्यातून सोलापूरला कोण जातं?

चौथाफलाट
आठवड्याला दोन दिवस? हुतात्म्यानं जमतं. पुणे स्टेशनपासून पुढं हिंजवडी मात्र तिलाच ठाऊक.

मंगळवेढ्याची_काकू
चटणी मिक्सरची की उखळातली?

विजापूरवेस
काकू, थांबा जरा. तुमच्याकडं रविवारी पाणी असतं का बे? का सोमवारी?

सातरस्ता_९१
सोमवारी. 😐

विजापूरवेस
मग माळढोक, चादर, विमानतळ सगळं सोड आणि टँकर सांग. आजच. पाहुणे बाथरूमात जाऊन आधी नळच फिरवून बघतात. मी माझ्या बहिणीच्या वेळी स्वतः फिरवून बघितलाय.

पेठेतला
हे बाकी खरं.

सातरस्ता_९१ (शनिवार)
टँकर सांगितला. पण एक झालं. काकांचा आत्ता परत फोन. म्हणाले, फिरवायचं तर कंबर तलावावर घेऊन चल पाच मिनिटं, कमळं असतात का रे अजून? मी काहीतरी बोललो आणि ठेवला.

विजापूरवेस
कंबर, जुनं नाव म्हणाले? संभाजी तलाव नाही म्हणाले?

सातरस्ता_९१
कंबर.

विजापूरवेस
पुण्याच्या माणसाला कंबर माहीत नसतो बे. आजींना रूपाभवानी माहीत, काकांना कंबर. परत फोन लाव आणि विचार.

सातरस्ता_९१ (शनिवार, रात्री ९.४०)
लावला. काकांचे वडील इथल्या गिरणीत जॉबर (मुकादम) होते. गिरणी बंद पडली तेव्हा काका चौथीत. सगळी भावंडं घेऊन आजी हडपसरला गेल्या. बायोडेटात नुसतं "मूळ गाव पुणे" लिहिलं होतं. मी विचारलं, मग सोलापूरला एवढं का बोलता? म्हणाले, "मी नाही बोलणार तर कोण बोलणार बे?"

मंगळवेढ्याची_काकू
आजींना भाकरी मऊ लागेल. कडक पाण्यात भिजवून देऊ नको, वेगळी थाप.

सातरस्ता_९१
हो काकू. विजापूर रोडकडचं कुणी आहे का इथं? तलावात कमळं आहेत का आत्ता? नसतील तर नेऊ का नको तेवढं सांगा.

माळरान
मी रोज तिकडंच फिरायला जातो. सकाळी बघून सात वाजेपर्यंत इथं टाकतो.

चादरवाला
कारखान्याचं मग रद्द का?