मदत हवी आहे : ओरांजचा रोमन जमीन-नकाशा कसा वाचायचा?

मंडळी, निवृत्त रोमन सैनिकांना मिळालेल्या जमिनींबद्दल वाचतोय आणि एका जागी अडलोय.

फ्रान्समधलं ओरांज, म्हणजे तेव्हाचं अराउसिओ. दुसऱ्या गॅलिका लीजनच्या (रोमन सैन्याच्या एका मोठ्या तुकडीच्या) निवृत्त सैनिकांसाठी इ.स.पू. ३५ च्या सुमारास ही वसाहत झाली. पुढे इ.स. ७७ मध्ये सम्राट व्हेस्पेशियनने तिथल्या जमिनीची नोंद संगमरवरावर कोरून चक्क भिंतीवर लावली. आपला सातबारा चौकात टांगावा तसंच! तुकडे तिथल्याच संग्रहालयात आहेत.

मोजणीदार ग्रोमा (ओळंबे टांगलेलं मोजणीचं साधन) लावून काटकोनात रेषा टाकत. एक चौकोन साधारण ७१० मीटर बाजूचा, २०० यूगेरांचा (यूगेर हे जमीन मोजायचं रोमन एकक), म्हणजे जवळपास सव्वाशे एकर. आत लिहिलेलं असतं चौकोनाचं स्थान आणि जमिनीचा प्रकार : सैनिकांना दिलेली, वसाहतीने खंडाने लावलेली, मूळच्या त्रिकास्तिनी लोकांना परत केलेली. (परत केलेली कसदार नसावी, असा माझा संशय.)

आता अडचण. ‘डेकुमानसच्या उजवीकडे’ असं लिहिलंय (डेकुमानस म्हणजे मोजणीतल्या दोन मुख्य रेषांपैकी एक), पण तोंड कुठे करून उजवीकडे? मोजणीदारांच्या जुन्या ग्रंथांत पूर्वाभिमुख आणि पश्चिमाभिमुख, दोन्ही पद्धती सापडतात. ओरांजला कोणती धरायची?

दुसरं, खंडकऱ्यांची नावं दिसतात, सैनिकांच्या हिश्शाचं मात्र नुसतं क्षेत्रफळ. ते का? कर नव्हता म्हणून नाव लिहायची गरजच नव्हती का?

लॅटिन येणारं किंवा भूमापन खात्यात काम केलेलं कुणी असेल तर जरूर सांगा. ते संग्रहालय पाहिलेलं कुणी असेल तर फारच उत्तम.