पोलीस शिपाई भरतीत व्यक्तिमत्त्व चाचणी असावी का?

धागाकर्ता : महाराष्ट्रात पोलीस शिपाई होण्यासाठी मैदानी चाचणीला ५० आणि लेखी परीक्षेला १०० गुण असतात. १६०० मीटर धावणे, गोळाफेक, अंकगणित, मराठी व्याकरण हे सारे तपासले जाते. परंतु ज्याच्या हाती उद्या बंदूक द्यायची, त्याला राग आवरतो का, हे कोणी पाहत नाही. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये, पालघरच्या आसपास, रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने आपल्या वरिष्ठासह चौघांना गोळ्या घातल्या. दल वेगळे असले तरी प्रश्न तोच आहे. लष्करी अधिकारी निवडताना मानसशास्त्रीय चाचण्या होतात, मग शिपायालाच का वगळावे?

प्रतिसाद १ : मी भरतीला बसणाऱ्या मुलांची तयारी करून घेतो, म्हणून विरोध नोंदवतो. लष्करी निवडीत पडद्यावर एकेक शब्द १५ सेकंद दिसतो आणि त्यावर वाक्य लिहायचे असते. असे ६० शब्द असतात. मुले वाक्ये पाठ करूनच जातात. ‘भीती’ शब्द घालून पाहा, दहापैकी आठ वह्यांत ‘सरावाने भीती जाते’ हेच सापडेल. यातून स्वभाव नव्हे, शिकवणी मोजली जाते, आणि शिकवणीची फी शेतमजुराच्या मुलाला परवडत नाही.

धागाकर्ता : फीचा मुद्दा मला मनापासून मान्य आहे. पाठांतराचा मात्र तितकासा नाही. अमेरिकेत पोलीस निवडीत वापरल्या जाणाऱ्या मिनेसोटा या व्यक्तिमत्त्व चाचणीच्या १९८९च्या आवृत्तीत स्वतःबद्दल ‘खरे’ की ‘खोटे’ सांगायची ५६७ विधाने आहेत आणि स्वतःला फार चांगले दाखवणाऱ्याची उत्तरे वेगळी ओळखण्याची सोय तिच्यातच आहे. शिवाय तेथे आधी सशर्त नेमणूक देतात, मग ही तपासणी करतात. आपणही लाखो अर्जदारांना नव्हे, केवळ अंतिम यादीतल्यांनाच ती द्यावी आणि निष्कर्षापूर्वी तज्ज्ञाने प्रत्यक्ष बोलावे.

प्रतिसाद २ : ती विधाने मराठीत आणली म्हणजे चाचणी मराठी होत नाही, गडचिरोलीच्या आणि गिरगावच्या मुलांवर तिचे मापदंड, म्हणजे कोणते गुण सर्वसामान्य मानायचे, ते नव्याने ठरवावे लागतील. शिवाय बाविसाव्या वर्षी शांत असलेला मुलगा दहा वर्षे सणासुदीचे बंदोबस्त, रद्द झालेल्या रजा आणि अपुरी झोप सोसल्यावर तसाच राहील, याची हमी भरतीच्या दिवशी कोण देणार? चाचणी घ्यायचीच असेल तर शस्त्र बाळगणाऱ्या प्रत्येकाची ठरावीक वर्षांनी घ्या, आणि नापास ठरलेल्याला कारण लेखी कळवून दुसऱ्या तज्ज्ञाकडे दाद मागू द्या. एवढे नियमात लिहिले, तरच माझा विरोध मागे घेईन.